चिनी टाइप होत नाही? फोन करण्याआधी हे वाचा

चिनी कीबोर्ड बसवून दिलेल्या ग्राहकांची हमखास तक्रार: ‘बाकी सगळीकडे उमटतं, एडिटरमध्येच नाही.’ एडिटर म्हणजे मजकूर किंवा प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर. अशा वेळी कीबोर्ड बहुधा ठीक असतो.

मराठी फोनेटिकमध्ये आपण टाइप करतो आणि अक्षर लगेच उमटतं. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, तसं नाही. एस-एच-आय या एका उच्चाराची डझनावारी चिनी अक्षरं आहेत. म्हणून टाइप केलेली रोमन अक्षरं आधी अधोरेखित होऊन थांबतात, पर्यायांची यादी उघडते, आणि स्पेस किंवा आकडा दाबून तुम्ही निवड केलीत की मगच मजकूर एडिटरच्या हाती जातो. मधल्या काळात इनपुट मेथड (रोमन अक्षरांची चिनी अक्षरं करून देणारं सॉफ्टवेअर) आणि एडिटर दोघांनाही तीच बटणं हवी असतात. भांडण तिथलं.

कंट्रोल-स्पेसचंच घ्या. विंडोजवर त्याने चिनी चालू-बंद होतं, व्हीएस कोड या एडिटरमध्ये सूचना उघडतात, ईमॅक्स या एडिटरमध्ये मजकूर निवडण्याची खूण बसते. एकाचा शॉर्टकट बदला. आमचं मत विचाराल तर इनपुट मेथडचा. मायक्रोसॉफ्ट पिनयिनमध्ये नुसत्या शिफ्टनेही भाषा बदलते. चुकून शिफ्ट दाबली गेल्यामुळे आलेले फोन आम्ही आता मोजत नाही.

निवड एंटरने करू नका, रोमन अक्षरं जशीच्या तशी उतरतात. विम या एडिटरमध्ये नॉर्मल मोडला (जिथे बटणं म्हणजे आदेश असतात) जाण्याआधी चिनी बंद करा, नाहीतर ओळ पुसण्यासाठी दाबलेला डी-डी पर्यायांच्या यादीत जाऊन बसतो. आणि दोन टिंबांचा यू (ü) शोधत बसू नका. त्यासाठी व्ही दाबायचा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सर्वात जास्त छळतो तो चिनी अर्धविराम. दिसायला नेहमीसारखाच, जरा रुंद. पण कंपायलर अडतो. कंट्रोल आणि पूर्णविराम दाबून इंग्रजी विरामचिन्हांवर या.

लिनक्सवर यादीच उघडत नसेल तर सेटिंग बदलल्यावर लॉग आउट करून पुन्हा आत या. नुसता एडिटर बंद-चालू करून बऱ्याचदा भागत नाही.

चीनमधून आलेली जुनी फाइल अगम्य चिन्हांनी भरलेली दिसली तर ती सेव्ह करू नका. ती बहुधा जीबीके या चिनी एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) असते आणि एडिटर तिला यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या एन्कोडिंगमधली समजून वाचतो. एन्कोडिंग जीबीके निवडून पुन्हा उघडा, मग यूटीएफ-८ मध्ये साठवा.

एवढं करूनही अडलं तर जरूर फोन करा. एडिटरचं नाव, आवृत्ती आणि टाइप करताना अधोरेखित अक्षरं दिसतात की नाही, एवढं आधी बघून ठेवा.