इंगलबरोच्या पायवाटा

इंगलबरो : उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानातला (स्थापना १९५४) सपाट माथ्याचा डोंगर. उंची ७२३ मी. वर्नसाइड (७३६ मी.) आणि पेन-इ-गेंट (६९४ मी.) हे त्याचे शेजारी, तिघांना मिळून ‘थ्री पीक्स’ म्हणतात. वर मोटाररस्ता जात नाही आणि माथ्यावर घर नाही. दक्षिणेकडून क्लॅपम, नैर्ऋत्येकडून इंगल्टन, उत्तरेकडून चॅपल-ल-डेल आणि पूर्वेकडून हॉर्टन-इन-रिबल्सडेल अशा चार गावांतून चार मुख्य पायवाटा चढतात. चारही वाटांचा स्वभाव पाण्याने ठरवला आहे, म्हणून आधी खडकाकडे पाहायला हवे.

पायथ्याशी वळ्या पडलेले फार जुने खडक आहेत. त्यांच्यावर सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेला चुनखडक जवळपास २०० मी. जाडीने बसला आहे. त्याच्या वर शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक), वालुकाश्म आणि चुनखडक यांचे आलटूनपालटून थर आहेत आणि अगदी माथ्यावर ‘मिलस्टोन ग्रिट’ हा भरड वालुकाश्म आहे. याच प्रकारच्या दगडाची पूर्वी दळणाची जाती घडवत, त्यावरूनच हे नाव पडले. थरांवर थर चढून पायऱ्या पडलेला आणि वर सपाट झालेला हा आकार लांबून पाहताना सह्याद्रीतला गड आठवतो. पाण्याचा व्यवहार मात्र नेमका उलटा आहे. आपल्याकडे बेसाल्टच्या कातळात टाके खोदले की कित्येक ठिकाणी पाणी वर्षभर टिकते. इथल्या चुनखडकावर पडलेले पाणी भेगांतून थेट पोटात जाते. वरच्या शेलवर ते मुरत नाही, तिथे पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) काळी दलदल साचते आणि ओढे वाहतात. हे ओढे उतरत उतरत साधारण ४०० मीटर उंचीवर चुनखडकाच्या कडेला पोचले की एकेक करून गडप होतात. त्या रेषेच्या खाली आखूड गवताची कोरडी, पायाला सुखाची वाट आणि वर चिखल, हे सगळ्याच बाजूंना अनुभवाला येते.

क्लॅपमची वाट सर्वांत समृद्ध आहे. एकदाच जायचे असेल तर हीच धरावी. गावाबाहेर पडताना एका कृत्रिम तळ्याकाठी हिमालयातले ऱ्होडोडेंड्रॉन भेटतात. वनस्पतींच्या शोधात चीनपर्यंत भटकलेले, याच गावचे रेजिनाल्ड फॅरर (१८८०–१९२०) यांचा हा वारसा. पुढे इंगलबरो केव्ह ही गुहा लागते. १८३७ मध्ये आतला नैसर्गिक बांध फोडून साचलेले पाणी वाहू दिले, तेव्हा तिचा आतला भाग खुला झाला. त्यानंतर ट्रो गिल ही अरुंद घळ येते. दोन्ही बाजूंना चुनखडकाचे उभे कडे आहेत, तळाशी मात्र ओढा नाही. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून आलेल्या पाण्याने ती कोरली असे मानले जाते.

घळीतून वर आले की मोकळ्या माळावर गेपिंग गिल आहे. फेल बेक हा ओढा (‘बेक’ आणि ‘गिल’ हे इथल्या बोलीत स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांकडून आलेले शब्द) एका विवरात सुमारे ९८ मी. सरळ खाली कोसळतो. खालचे दालन जवळपास १३० मी. लांब आणि ३० मी. उंच आहे. जॉन बर्कबेक यांनी १८४२ मध्ये उतरण्याचा प्रयत्न केला, पण ते मधल्या एका कंगोऱ्यापर्यंतच पोचले. तळाला प्रथम पाय लावला तो १८९५ मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या फ्रेंच गुहाशोधकाने, दोराच्या शिडीवरून. आता मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये ब्रॅडफर्ड आणि क्रेव्हन येथील गुहाशोधकांचे क्लब विवरावर यांत्रिक पाळणा बसवतात आणि सामान्य माणसालाही आत उतरता येते. इथे गडप झालेले पाणी इंगलबरो केव्हजवळ पुन्हा उजेडात येते. माणसाला आतून हा पल्ला जोडायला मात्र १९८३ साल उजाडले. त्यासाठी पाण्याखालून वाट काढावी लागली. विवराच्या कडेचा दगड ओला आणि गुळगुळीत असतो, म्हणून कुंपणापासून दूरच राहावे. पुढे लिटल इंगलबरोचा दमछाक करणारा चढ आणि मग धारेवरून माथा. गावापासून एकूण सुमारे ७ किमी.

इंगल्टनची वाट साधी आणि सरळ आहे. दगडी गडग्यांमधल्या गाडीवाटेने क्रिना बॉटम या एकाकी शेतघरापर्यंत जायचे आणि तिथून पश्चिम उताराने वर चढायचे.

चॅपल-ल-डेलची वाट सर्वांत आखूड, साधारण ४ किमी. ती साउदर स्केल्सच्या चुनखडकी फरसबंदीजवळून जाते. हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली आणि उघड्या पडलेल्या दगडाच्या सांध्यांत पाण्याने खोल चिरा पाडल्या. दगडाच्या लाद्यांना ‘क्लिंट’ आणि चिरांना ‘ग्राइक’ म्हणतात. वाकून चिरेत पाहावे : वर वारा आणि मेंढ्या यांच्यामुळे झुडूप टिकत नाही, पण आत सावलीत आणि ओलाव्यात जिभेसारख्या लांब पानांचा हिरवागार नेचा वाढलेला असतो. पुढे पीटवर टाकलेल्या फरशा आणि शेवटी जवळजवळ भिंतीसारखा उभा चढ. धाप लागली की मागे वळून रिबलहेडचा २४ कमानींचा रेल्वेपूल पाहून घ्यावा.

हॉर्टनची वाट सल्बर निक या उथळ, सरळसोट खोलगटीतून येते. थ्री पीक्सची सुमारे ३८ किमीची फेरी १२ तासांच्या आत पुरी करणारे बहुतेक जण इंगलबरो शेवटी ठेवतात आणि याच वाटेने हॉर्टनला उतरतात. या फेरीची पहिली नोंद १८८७ ची, दोन शाळाशिक्षकांची. लांब पल्ल्यानंतर थकलेल्या पायांना इथला ओला, झिजून गुळगुळीत झालेला चुनखडक घसरवतो. चढताना सोपी वाटलेली ही वाट उतरताना जास्त सांभाळून चालावी.

माथ्यावर दगडी तटबंदीचे अवशेष आणि वर्तुळाकार घरांच्या खुणा आहेत. नावातला ‘बरो’ तटबंदीच्या ठिकाणाकडे बोट दाखवतो. ही वस्ती बहुधा लोहयुगातल्या ब्रिगँटीझ टोळीशी जोडली जाते. काही अभ्यासक ती त्याहून जुनी मानतात. अधिक चिन्हाच्या आकाराच्या दगडी आडोशाला कुठल्याही दिशेच्या वाऱ्यात एक तरी निवाऱ्याचा कोपरा मिळतो. स्वच्छ दिवशी मोरकॅम बेचा समुद्र दिसतो. धुके उतरले की मात्र हीच सपाटी फसवते : कुठूनही पाहिले तरी सारखीच दिसते, आणि उत्तर व पश्चिम बाजूंचा उतार तीव्र आहे. होकायंत्र आणि नकाशा सोबत हवाच.

बागांमध्ये कृत्रिम खडकाळ वाफे रचण्याची हौस इंग्लंडमध्ये वाढली, तसे पाण्याने झिजलेले क्लिंट उचलून विकले जाऊ लागले. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने या फरसबंदीला संरक्षण मिळाले. साउदर स्केल्सला दगडावरून चालताना मधूनच चिरा नसलेला, सपाट उघडा पट्टा लागला, तर तिथला वरचा थर कुणीतरी काढून नेला असण्याची शक्यता असते.