तीन शिट्ट्यांत दोन सुया

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विणकामाच्या शिबिराची जाहिरात फिरत होती. रोज सलग तीन तास, २१ दिवसांत तरबेज. खाली एकीने लिहिलं, ‘तीन तास कुठून आणू? मुलं मोठी झाली की बघेन.’ ते वाचून मला राहवेना. तीन तास मोकळे मिळाले तरच हात तयार होतो, ही समजूतच चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे मेंदूच्या पेशींपर्यंत जाऊन सांगता येतं.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते, नोकरी वाशीला. ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्धा तास मिळतो, तोही बसायला जागा मिळाली तर. बाकी वेळ तुकड्यातुकड्यांचा: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, धाकट्याचा पोहण्याचा वर्ग सुटेपर्यंत. सुया हातात घेतल्या त्या ३६व्या वर्षी, सासूबाईंच्या समोर बसून.

आधी ते २१ दिवस निकालात काढते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६०च्या पुस्तकात लिहिलं. पुढे ‘किमान’ गळून पडलं आणि आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ माणसांवर सवयी मोजून पाहिल्या आणि २०१०मध्ये निष्कर्ष छापले. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाचा हिशोब २५४ दिवसांवर गेला. शिवाय सवय वेगळी आणि कसब वेगळं. रोज सुया हातात घेणं ही सवय झाली, टाका एकसारखा पडणं हे कसब.

सुलट टाका म्हणजे चार हालचाली. उजवी सुई टाक्यात घालायची, तिच्यावर धागा गुंडाळायचा, तो टाक्यातून ओढून घ्यायचा, जुना टाका डाव्या सुईवरून सोडायचा. नवशिक्याच्या मेंदूत या चार हालचाली चार स्वतंत्र कामं असतात आणि ती सगळी एका वेळी लक्षात धरावी लागतात. माणसाचं हे तात्पुरतं लक्ष तीन-चार गोष्टींतच भरून जातं. मग ‘आई, माझा डबा कुठे आहे?’ एवढं कानावर पडलं तरी एक टाका निसटतो. यात तुमचा वेंधळेपणा काही नाही, जागा संपलेली असते.

सरावाने त्या चार हालचालींची एक गाठोडी बनते. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा समूह आहे, त्याचं हे काम. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या ॲन ग्रेबील यांच्या प्रयोगशाळेने १९९९मध्ये उंदरांना एक छोटी वाट शिकवताना या भागातल्या पेशींचे विद्युत-संदेश ऐकले. सुरुवातीला वाटेत जागोजागी त्यांची कुजबुज चालू असे. वाट पाठ झाल्यावर ती मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी उरली, मधला भाग बराच शांत झाला. विणणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. नमुना लिहिताना आपण ‘* पासून * पर्यंत पुन्हा’ असं लिहितो. मेंदूसुद्धा सुरुवातीला आणि शेवटी अशीच एकेक चांदणी ठेवतो.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या भागाकडे येते. ही गाठोडी बांधली कधी जाते? बरीचशी, सुया खाली ठेवल्यानंतर.

दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या फटीला सिनॅप्स म्हणतात. पलीकडच्या पेशीवर एनएमडीए नावाचं दार असतं आणि त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. अलीकडून ग्लुटामेट हे रसायन यायला हवं आणि त्याच वेळी पलीकडची पेशी उत्तेजित असायला हवी. दोन्ही जुळलं तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्याने काही विकरं (एन्झाइम्स) जागी होतात आणि सिनॅप्स लगेच थोडा मजबूत होतो, पण ही मजबुती तात्पुरती. ती टिकवायची तर निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जावा लागतो. तिथे क्रेब नावाचं प्रथिन काही जनुकं चालू करतं, त्यांच्यावरून नवी प्रथिनं बनतात, ती त्या सिनॅप्सपर्यंत पोचतात आणि तिथली बांधणीच बदलते. या कामाला तास लागतात. आपण कितीही जोर लावून विणलं तरी हा कारखाना त्याच्याच गतीने चालतो.

याचा सुरेख पुरावा फळमाश्यांनी दिला आहे. १९९४मध्ये अमेरिकेत टिम टली आणि सहकाऱ्यांनी माश्यांना एका वासाला घाबरायला शिकवलं, दहा वेळा. एका गटाला दहाही धडे सलग, दुसऱ्याला मध्ये १५-१५ मिनिटांची विश्रांती. धडे दोघांना तेवढेच. सलगवाल्या माश्या काही दिवसांत विसरल्या, विश्रांतीवाल्यांना आठवड्यानंतरही आठवत होतं. आणि प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं, तर विश्रांतीचा हा जादा फायदा नाहीसा झाला.

माशीची वासाची आठवण आणि माणसाच्या बोटांचं कसब एक नव्हे, हे मान्य. म्हणून माणसांचा प्रयोगही सांगते. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातल्या लोकांना टंकलेखन शिकवताना चार गट केले. कुणी दिवसाला एकच तास बसे, कुणी दोन-दोन तासांच्या दोन बैठका मारी. एकूण तासांचा हिशोब मांडला तेव्हा दिवसाला एक तासवाले सर्वांत कमी तासांत शिकले, दोन-दोन तासांच्या बैठकावाल्यांना सर्वांत जास्त तास लागले. तरीही आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते ते एक तासवालेच, कारण तारखेच्या हिशोबाने ते मागे पडत होते. ग्रुपवरच्या त्या बाईला मला नेमकं हेच सांगायचं होतं. आपण मागे आहोत असं वाटणं खरं असतं, पण हातात घातलेल्या प्रत्येक तासाची किंमत आपल्याला जास्त मिळत असते.

म्हणून तुकड्यांचा वेळ मी आता वाटून घेतला आहे. आमच्याकडे विणकामातल्या ओळीलाही ‘सुई’च म्हणतात. डाळीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत माझ्या ४० टाक्यांच्या दोन सुया होतात. लोकलमध्ये नुसतं सुलट विणते, तेही वायरीने जोडलेल्या सुयांवर, म्हणजे शेजारणीला कोपर लागत नाही आणि घणसोलीच्या गर्दीत सुई खाली पडत नाही. जाळीचा नमुना मुलं झोपल्यावर. त्यात दर नमुन्यानंतर सगळ्या टाक्यांतून एक रंगीत दोरा ओवून ठेवते, चुकलं तर तेवढ्यापर्यंतच उसवावं लागतं. एका वेळी दोन वेगळी कामं सुयांवर असतात, आणि हेही सोयीपुरतं नाही. १९७९मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं की हाताच्या वेगवेगळ्या हालचाली आलटून पालटून केल्या तर सराव करताना अडखळायला होतं, पण नंतर त्या जास्त चांगल्या लक्षात राहतात. मे महिन्यात घामाने ॲक्रिलिक लोकर सुईला चिकटते, तेव्हा मी सुती धाग्यावर जाते.

असंच एक टोपरं गेल्या वर्षी नणंदेच्या बाळासाठी विणायला घेतलं होतं. ती बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली होती, सातवा संपत आला होता आणि वेळ घालवायला तीही विणायला शिकत होती. ७ सप्टेंबर २०२५ला खग्रास चंद्रग्रहण होतं. इमारतीतल्या एक आजी मुद्दाम सांगायला आल्या, ‘आज सुई धरू देऊ नकोस हो तिला, बाळाचा ओठ फाटतो.’ आजी मायेनेच आल्या होत्या. पण बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून तयार होतो. तो दुभंगण्यामागे आनुवंशिकता, आईचा मधुमेह, धूम्रपान, काही औषधं अशी कारणं असतात. चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्याने सातव्या महिन्यातला ओठ फाटू शकत नाही. मी आजींना बसवून, चहा देऊन हे सांगितलं. नणंदेने त्या रात्री सहा सुया विणल्या. त्यातले दोन टाके सुटले, ते सकाळी क्रोशाच्या सुईने उचलून घेतले.

सध्या माझ्या सुयांवर मोजे आहेत. पायाचा सरळ भाग ऐरोली ते तुर्भे न बघता होतो. टाच मात्र अजून गाडीत जमत नाही. तिथे सुई अर्ध्यातून परत फिरवावी लागते, टाके मोजावे लागतात, आणि माझी ती गाठोडी अजून बांधली गेलेली नाही. टाच मी रविवारी सकाळी घेते, सासूबाई समोर वाल सोलत बसलेल्या असतात तेव्हा. गेल्या रविवारी आठ सुया झाल्या.