गाडी तीच, एक्सल परका

लष्कराच्या लिलावातून आणलेल्या जोंगा या जीपवजा गाडीखाली दुसऱ्याच गाडीचे एक्सल (चाकांच्या जोडीला फिरवणारे आस) बसवले, मूळ पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा काढून कॉइल स्प्रिंग टाकल्या, तर तिला जुनी लष्करी गाडी म्हणायचं का? हौशी मंडळींत या प्रश्नावरून हल्ली जे हमरीतुमरीवर येणं चालतं, त्याला कारणीभूत २०१९ ते २०२३ मधले तीन सरकारी-न्यायालयीन कागद. गाडीखालची ही खटपट मात्र फार जुनी आहे, आणि ती हौसेतून सुरू झालेली नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर दोस्त सैन्यांनी मागे टाकलेल्या गाड्या विक्रीला निघाल्या आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठीत कायमचा राहिला. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा ट्रक. सुटे भाग कुठून मिळायचे? पुढे मुंबईत नागरी जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि मेकॅनिकांनी त्यांचे भाग जुन्या गाड्यांना लावले. यात एक गोम होती. युद्धकाळातल्या विलीज जीपच्या एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे, ४.८८, तर नंतरच्या सीजे-३बी या नागरी जीपचं ५.३८. मागचा एक्सल मोडला म्हणून फक्त मागचाच बदलला, की फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं एक वेग मागायची आणि मागची दुसरा. मधला फरक दहा टक्क्यांचा. चिखलात तो खपून जायचा, डांबरावर टायर घासायचे आणि पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस कण्हायची. म्हणून जुने मेकॅनिक एक्सल जोडीनेच बदलत.

जोंगा आली ती साठच्या दशकात जपानी परवान्यावर. जबलपूरला बनलेली निसान कंपनीची ‘पट्रोल’ गाडीच ती, ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेऊन. तिच्याच घरातली वन टन निसान आणि जर्मन परवान्यावरचा शक्तिमान या गाड्याही नंतर लिलावाच्या मैदानात दिसू लागल्या. लष्कराला इंधनाचं बिल परवडत होतं, लिलावात गाडी घेणाऱ्याला नव्हतं. म्हणून आधी इंजिन निघालं आणि डिझेल बसलं. डिझेल इंजिन पेट्रोलइतके फेरे मारत नाही, आणि लष्करी एक्सल तर ओझं ओढण्यासाठी बनवलेला, जोर जास्त आणि वेग कमी देणारा. परिणामी गाडी चढावर बैलासारखी, सरळ रस्त्यावर मात्र रडकुंडीला आणणारी. मग एक्सलही गेला. एक्सलबदल हा डिझेलचा शेपूट आहे, ही गोष्ट आजच्या वादात कोणीच काढत नाही.

‘अपग्रेड’ हा शब्द इथेच अडखळतो. युद्धकाळातल्या जीपचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग होता. चाक हाऊसिंगवरच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या नळीवरच्या, बेअरिंगवर फिरतं, आतला शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. नंतरच्या बहुतेक नागरी जीपना सेमी फ्लोटिंग एक्सल आला. त्यात गाडीचा भारही शाफ्टच पेलतो, आणि तो हबपाशी तुटला तर चाक निघून चालू लागतं. म्हणजे ‘नवा’ म्हणून आणलेला एक्सल कित्येकदा मूळच्यापेक्षा कमकुवत ठरतो. दुसरीकडे, नव्या एक्सलबरोबर पुढे डिस्क ब्रेक येत असतील तर मी तरी त्याला सुधारणाच म्हणेन. चाळीस वर्षं जुन्या ड्रम ब्रेकवर घाट उतरलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

सस्पेन्शनची कथाही अशीच. जीपचे पाटे मुळात एक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी चार-सहा इंच उचलते, तेही फारसा खर्च न करता, म्हणून ही युक्ती गल्लोगल्ली पसरली. बाकीचं कोणी सांगत नाही. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात चाक आपोआप वळतं. ब्रेक दाबला की एक्सल पिळतो आणि पाटे नागमोडी होतात. एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट उभ्या कोनात काम करून लवकर जातात.

हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवलं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी एका माजी क्रिकेट कर्णधाराची रांचीतली निसानची हिरवी लष्करी गाडी बातम्यांत झळकली. एका हाताने मनाई, दुसऱ्या हाताने आमंत्रण.

आता प्रमाणपत्रात काय असतं? चासी नंबर, इंजिन नंबर, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन. खाजगी गाडीच्या एक्सलला त्यात स्वतःचा रकाना नाही. पण जड एक्सल बसला की वजन वाढतं आणि तो दोन इंच पुढे सरकवला की व्हीलबेस बदलतो. कलमातली ‘बदल’ची व्याख्या गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणाऱ्या रचनाबदलाची आहे. एक्सल हे मूळ वैशिष्ट्य आहे की झिजणारा सुटा भाग? मला विचाराल तर गुणोत्तर आणि वजन जवळपास तेच ठेवून केलेली अदलाबदल म्हणजे दुरुस्तीच. उलट बाजूचं म्हणणं असं की लष्करी गाडी म्हणजेच तिचे एक्सल, बाकी पत्रा. तेही अगदीच फोल नाही.

जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी गुंता सोडवण्याऐवजी वाढवला. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. एक्सल या यादीत नाही! नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. पण ही पन्नास वर्षं मोजायची पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. लष्करी गाडीवर आधी बाणाची खूण असलेला लष्कराचा नंबर असतो, आरटीओचा नसतो. सेवेतल्या गाड्यांची नोंद कायद्यात वेगळ्या कलमाखाली, वेगळ्या अधिकाऱ्याकडे होते. १९७० मध्ये बनलेली आणि १९९५ मध्ये लिलावात गेलेली जोंगा शब्दशः वाचलं तर २०४५ पर्यंत व्हिंटेज होत नाही. बाणाचा नंबर धरला तर कधीच झाली.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या भंगारात काढण्याचा नियम लागू झाला. संरक्षणासाठी वापरातली चिलखती आणि विशेष वाहनं त्यातून वगळली आहेत, साधे मालवाहू ट्रक त्या वर्णनात बसवणं अवघड. लिलावातून अख्खी गाडी सुटण्याऐवजी तिचे तुकडेच बाहेर पडू लागले, तर त्या तुकड्यांत मूळ एक्सलही असतील. आज परके एक्सल घालून फिरणाऱ्या काही गाड्यांना आपले स्वतःचे एक्सल परत मिळतील ते बहुधा तिथूनच, किलोच्या भावाने.