रेडिएटर नवा टाकला तरी गाडी गरम का होते?

"अहो, काटा वर चाललाय, रेडिएटर खराब दिलात का?" हा फोन आम्हाला सारखा येतो, आणि बहुतेक वेळा रेडिएटर चांगलाच असतो, आत हवा अडकलेली असते. जे आमच्याकडून नुसता रेडिएटर घेऊन जातात आणि घरी किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे बसवतात, त्यांच्यासाठी मुद्दाम हे लिहितोय.

होतं काय, की थंड गाडीत तोंडापर्यंत कूलंट ओततात, भरलं म्हणून झाकण लावतात आणि निघतात. पण इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो, तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत ब्लॉकमधल्या आणि हीटरमधल्या हवेला बाहेर पडायला नीट वाटच नसते. वरून फुल दिसतं, आत जागा रिकामी. गावात फिरताना काही कळत नाही, खंबाटकी घाट चढायला लागलं की काटा वर. कधी तापमानाचा सेन्सरच हवेत असतो, मग इंजिन उकळत असतं आणि काटा निवांत मधे, हे तर जास्त वाईट, कारण इंजिनचं हेड, म्हणजे ब्लॉकवरचा भाग, वाकलं तर खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट जातो.

म्हणून घाई करू नका. गाडीचं तोंड चढाला करून लावा, चाकाला दगड लावा, हीटर फुल गरमवर, एसी बंद. काही गाड्यांना थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा स्क्रू असतो, तो ढिला करून फेस जाऊन सलग धार येईपर्यंत सावकाश ओतायचं आणि मग स्क्रू घट्ट करायचा. आता झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, रेस करू नका, तोंडाशी बुडबुडे येत राहतील. थोड्या वेळाने वरचा होज पाईप एकदम गरम होतो आणि लेव्हल झपकन खाली जाते, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, खरं भरायचं ते इथून पुढे. बुडबुडे थांबले, हीटरमधून गरम वारा आला की झाकण लावा आणि फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या बाटलीतली लेव्हल थोडी उतरलेली असते, ती गळती नाही, राहिलेली हवा निघालेली असते, तेवढं टॉप अप करा.

गरम गाडीचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की तोंडावर येतं.

मागे एकजण नवा रेडिएटर काढून पोत्यात घालून परत घेऊन आले, चांगलेच चिडलेले. त्यांच्यासमोर तो पाण्यात बुडवून हवा भरून दाखवला, एक बुडबुडा आला नाही. मग आम्हीच बसवला आणि हवा काढली, तर त्यांच्या अंदाजापेक्षा सव्वा लिटर जास्त बसलं. गाडी व्यवस्थित चालू आहे. आम्ही बसवल्यावर गाडी दोन तास ठेवून घेतो म्हणून काहीजण नाराज होतात, पण त्या दोन तासांत हेच काम चालू असतं.

बोअरचं पाणी घालू नका, अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत क्षार धरतात आणि दोन उन्हाळ्यांत रेडिएटर चोक होतो. कूलंट प्रीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे बिनपाण्याचं असेल तर बहुतेक गाड्यांना निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतो तेच. रंग सारखा दिसला म्हणून दोन वेगळी कूलंट मिसळू नका. सांडलेलं लगेच धुवून टाका, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात, लहान मुलं हात घालतात.

एवढं करूनही बुडबुडे थांबत नसतील, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, बघावं लागेल. जुनं झाकणही रेडिएटरबरोबर बदलून घ्या, रबर कडक झालं की दाब धरत नाही, तुमच्या गाडीच्या प्रेशरचं झाकण आमच्याकडे मिळतं. आमच्याकडून घेतलेल्या रेडिएटरची प्रेशर टेस्ट आम्ही फुकट करून देतो, फक्त सकाळी गाडी थंड असताना आणा, लांबून येणार असाल तर गाडी निवायला दोन तास हाताशी ठेवून या.