आकारिक आणि संकलित: एकाच श्रेणीत मिसळलेली दोन मूल्यमापने

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुलाचे प्रगतिपत्रक हाती आले की पालकांची नजर आधी श्रेणीवर जाते. अ-१, ब-२, क-१ अशा त्या श्रेणीत खरे तर दोन निरनिराळ्या मूल्यमापनांचे गुण एकत्र झालेले असतात. एक आकारिक, जे सत्रभर वर्गात चालते. दुसरे संकलित, जे प्रत्येक सत्राच्या अखेरीस होते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची जी पद्धत आली, तिच्यात या दोहोंचे भारांश इयत्तेनुसार ठरवून दिलेले आहेत. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, तर सातवी-आठवीला ४० आणि ६०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना संकलित नाहीच. तिथे सगळे आकारिक.

या दोहोंतला फरक विचारला तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: तोंडी विचारतात आणि उपक्रम घेतात ते आकारिक, पेपर असतो ते संकलित. उत्तर सोयीचे असले तरी चुकीचे आहे. आकारिकच्या साधनांमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय यांच्या जोडीला छोटी लेखी चाचणीही आहे. उलट संकलितमध्ये लेखी भागाबरोबर तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे १० गुण ठेवलेले आहेत. म्हणजे तिसरीच्या ४० पैकी ३० गुणच काय ते लेखी. तेव्हा कागद आहे की नाही, यावरून दोहोंची सीमा ठरत नाही. मिळालेल्या माहितीचे पुढे काय होते, यावरून ती ठरते.

तिसरीच्या वर्गातली वजाबाकी घेऊ. फळ्यावर ५२ वजा २७ असे उदाहरण आहे आणि एका मुलाने पाटीवर ३५ असे उत्तर लिहिले आहे. हीच वजाबाकी सत्रअखेरच्या पेपरात आली असती तर त्या उत्तरावर फुली पडली असती, गुण गेला असता आणि विषय तिथेच संपला असता. वर्गात मात्र शिक्षक जवळ बसून विचारतात, ‘हे कसं केलंस, सांग बरं.’ मूल सांगते की सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला वजाबाकी येत नाही असे नाही. दोनातून सात जात नाहीत हे पाहून त्याने अंकांची अदलाबदल केली, एवढेच. मग तुराट्यांच्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या समोर येतात, पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या जातात, एक जुडी सोडून तिच्या दहा काड्या सुट्यांत मिळवल्या जातात आणि बारातून सात काड्या आणि उरलेल्या चार जुड्यांतून दोन जुड्या काढल्यावर २५ हे उत्तर मूल स्वतः मोजून सांगते. शिक्षकाच्या वहीत त्या दिवशी नोंद होते, ‘एककाच्या घरी लहान अंक असल्यास दशक सुटा न करता अंकांची अदलाबदल करतो,’ आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्या नोंदीवरून आखला जातो. यात गुण किती दिले हा मुद्दा दुय्यम आहे. चूक कळली, तिचे कारण कळले आणि शिकवणे बदलले, म्हणून ते आकारिक झाले.

वर्गातले रोजचे जगणेही म्हणूनच आकारिकच्या कक्षेत येते. परिपाठात सुविचार वाचताना कोण जोडाक्षरापाशी अडखळते, खिचडीच्या ताटांची मोजणी करताना कोण पाच-पाचच्या टप्प्याने मोजते आणि कोण एकेक ताटाला बोट लावते, वर्गात भरवलेल्या आठवडी बाजारात ५० रुपयांच्या नोटेतून १८ रुपये घेऊन उरलेले पैसे कोण बिनचूक परत देते, हे सगळे शिक्षकाच्या डोळ्यांपुढे घडत असते. किनवटच्या तांड्यावर घरी गोरमाटी बोलणारे किंवा देगलूरकडे घरी तेलुगू बोलणारे मूल पहिलीत पुस्तकी मराठीतल्या प्रश्नापुढे गप्प राहते, पण चित्र दाखवून त्याच्या बोलीत विचारले की भराभर सांगू लागते. त्या मुलाला विषय कळला आहे, भाषा अजून यायची आहे. हा भेद सत्रअखेरच्या कागदावर फारसा उमटत नाही. पहिली-दुसरीत आकारिकचा वाटा ७० टक्के ठेवण्यामागचे शहाणपण मला इथे दिसते.

याचा अर्थ संकलित कमी दर्जाचे, असा मात्र नाही. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सुमारास होणारी ही मापणी सत्रभरात शिकवलेल्यापैकी काय टिकले ते एका ठिकाणी दाखवते. तुराट्यांच्या मदतीने जमलेली वजाबाकी दोन महिन्यांनी काड्यांशिवाय, शिक्षक शेजारी नसताना जमते का, हे त्याशिवाय कळणार नाही. पाचवी आणि आठवीत तर २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा पुन्हा आली असून, तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तिथेही यश आले नाही तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते. चौथीपर्यंतच्या संकलितला हे ओझे नाही.

घोटाळा होतो तो व्यवहारात. सत्र संपत आले की एक घटक चाचणी घ्यायची, तिचे गुण तोंडी काम, उपक्रम आणि स्वाध्याय अशा रकान्यांत वाटून टाकायचे आणि आकारिक पूर्ण झाले म्हणायचे, ही रीत अनेक शाळांत रुळलेली आहे. वर्णनात्मक नोंदींचेही तसेच. विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक या रकान्यांसाठी तयार वाक्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मग अर्ध्या वर्गाला ‘चित्रकलेची आवड आहे’ हीच नोंद मिळते. असे आकारिक नावालाच आकारिक असते. कामाने ते आणखी एक छोटे संकलितच. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, परंतु ज्या वस्तीशाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळायचे आणि आहाराच्या हिशेबापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची कामेही त्यांनीच करायची, तिथे प्रत्येक मुलाची रोज नोंद होणे शक्यच नाही. रोज चार-पाच मुलांकडेच नीट पाहायचे आणि त्यांचीच एखादी खरी ओळ लिहायची, असे केले तरी महिन्याभरात सगळा वर्ग होऊन जातो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत हा फरक अधिक ठळक होतो. धारूर, वडवणी, पाटोद्याकडची अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जी मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ थांबत नाहीत, त्यांचे पहिले संकलित कधीकधी हुकते आणि दुसऱ्याच्या वेळी ती परतलेली असतीलच असे नाही. अशा स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते आणि त्याच्या आधारे ती नव्या गावच्या शाळेत बसू शकतात. पण तिथल्या शिक्षकाला केवळ ‘क-१’ या श्रेणीवरून काय उमजणार? ‘दोन अंकी बेरीज हातच्यासह करतो, वजाबाकीत दशक सुटा करताना अडतो, जोडाक्षरांचे शब्द सावकाश वाचतो’ एवढ्या तीन ओळी त्या कार्डासोबत गेल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला काड्यांच्या जुड्यांपाशी बसवायचे की गुणाकाराकडे न्यायचे, हे त्या शिक्षकाला ठरवता येते.