प्रतिकृती मोटारीवर मूळ कंपनीचा बॅज : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रतिकृती मोटार किंवा तिच्या सुट्या भागांचा संच घेताना, बोनेटवर मूळ कंपनीचा बॅज बसवून मिळेल का, असे बहुतेक ग्राहक आम्हाला विचारतात. आम्ही तो बसवून देत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

बॅज दिसायला शोभेची वस्तू असला, तरी गाडी कोणी घडवली हे तो सांगत असतो, म्हणून कायदा त्याला व्यापारचिन्ह मानतो. व्यापारचिन्हाची नोंदणी बहुतेक देशांत दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येते. त्यामुळे एखाद्या गाडीचे उत्पादन बंद होऊन अर्धे शतक उलटले, तरी तिच्या नावावरचा हक्क संपलेला असेलच असे नाही.

‘खरेदीदाराला ही प्रतिकृती आहे हे ठाऊक असते, मग फसवणूक कोणाची?’ हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत फेरारीने एका प्रतिकृती-निर्मात्याविरुद्ध लढवलेल्या खटल्यात हाच बचाव करण्यात आला होता. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण रस्त्यावर गाडी पाहणाऱ्याचा गैरसमज होतो आणि त्यातून मूळ कंपनीच्या लौकिकाला बाधा येते. त्या खटल्यातील वाद तर प्रामुख्याने गाडीच्या बाह्य आकाराचा होता, हे विशेष.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२४ मध्ये आउडीच्या प्रकरणात याहून बारीक मुद्दा तपासला आणि सुट्या ग्रिलमध्ये बोधचिन्ह बसवण्यासाठी त्याच आकाराची जागा ठेवणे हाही चिन्हाचा वापर ठरू शकतो, असा निर्वाळा दिला. आमच्या ग्रिलमध्ये तशी जागा नसते, ती याच कारणाने. ती घडणीतील उणीव समजू नये.

अस्सल बॅज बाजारातून विकत आणला, तरी दुसऱ्याने घडवलेल्या गाडीवर ते नाव मिरवण्याची परवानगी त्याच्याबरोबर मिळत नाही. निव्वळ खासगी वापर अनेक देशांत व्यापारचिन्हाच्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो हे खरे, परंतु तीच गाडी विक्रीस काढली किंवा भाड्याने दिली, की तो वापर व्यापारी होतो आणि जबाबदारी तुमच्यावर येते.

निर्धोक मार्ग म्हणजे आमचा स्वतःचा बॅज, बॅजविना मोकळे बोनेट किंवा हक्कधारकाचा लेखी परवाना. अमेरिकेत किमान २५ वर्षे जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत विकण्याची सवलत छोट्या उत्पादकांना आहे, पण मूळ गाडीवरील असे हक्क अस्तित्वात असतील तर तिथेही परवाना लागतोच.

गाडी पुढे विकताना मूळ गाडीचे नाव कसे घ्यावे, याबाबतही सावध राहावे. मूळ कंपनीशी संबंध असल्याचा भास होणार नाही अशा प्रामाणिक उल्लेखाला सहसा हरकत नसते. मात्र युरोपीय संघात तुलनात्मक जाहिरातीत आपला माल संरक्षित चिन्हाच्या मालाची नक्कल किंवा प्रतिकृती म्हणून मांडणे निषिद्ध आहे. त्यामुळे तेथे विक्री करायची असल्यास जाहिरातीचा मजकूर आधी स्थानिक वकिलाला दाखवावा, आणि नोंदणीच्या कागदपत्रांत उत्पादक म्हणून गाडी प्रत्यक्ष बांधणाऱ्याचेच नाव असल्याची खात्री करून घ्यावी.