निजामाच्या शिस्तीचा गैरसमज

"निजामाच्या काळात शिस्त होती, लोकशाहीनं वाटोळं केलं, एखादा भला हुकूमशहाच पाहिजे." एकेकाळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात पारावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चूक आहे.

दाखले दिले जातात उस्मानिया विद्यापीठ (1918) आणि निजामसागर धरणाचे. दोन्ही कामं खरीच मोठी, पण दोन्ही तेलंगणात! आणि विद्यापीठाचं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या पोराला उच्च शिक्षण परक्या भाषेत घ्यावं लागे. सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीच्या गावांचा महसूल थेट त्याच्याच तिजोरीत जाई. सभा घ्यायची तर 'गश्ती 53' या सरकारी परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस या पक्षावर बंदी आली. 1947-48 मध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी गावं लुटली, तेव्हा दाद मागायची कुणाकडे? राजा भला असो वा नसो, त्याला हटवायची सोय प्रजेकडे नव्हती. शेवटी सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज आली.

आता 1972 चा दुष्काळ बघा. मोर्चे निघाले, विधानसभेत विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. गावोगाव खडी फोडायची, पाझर तलावाची कामं निघाली, कामावर सुकडी हा पौष्टिक खाऊ मिळाला. त्यातूनच 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, म्हणजे काम मागणं हा मजुराचा हक्क ठरला.